तेरवीनंतरचं वर्ष: गावात आघात झाला की आत्महत्येचा धोका कसा ओळखायचा आणि आपण काय करायचं

यवतमाळकडच्या एका गावात एका तरुण शेतकऱ्याने आत्महत्या केली, तिसऱ्या दिवशी मी त्या घरी गेले तेव्हा ओट्यावर चपला काढायला जागा नव्हती. सोयरे, सोसायटीचे लोक, तलाठी, दोन पुढारी, आत बायकांची गर्दी. अडीच महिन्यांनी परत गेले तर भर दुपारी त्याची बायको एकटीच कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, निवडत बसलेली, आणि सोळा वर्षांचा पोरगा कॉलेज सोडून दुसऱ्याच्या वावरात कामाला गेलेला. ती म्हणाली, "तेरवीपर्यंत घरात पाय ठेवाले जागा नव्हती बाई, आता चहाले कोनी येत नाही."

हा लेख त्या वाक्यासाठीच लिहितेय. आपल्याकडे मदत तेरा दिवस असते आणि धोका वर्षभर, कधीकधी त्याहून जास्त. गावात काम करणारी आशाताई, शिक्षक, बचत गटाची अध्यक्ष, पोलीस पाटील, नाहीतर नुसता शेजारी, यांना डॉक्टर न होताही काय काय करता येतं ते मी इथे क्रमाने सांगते.

आधी हे समजून घ्या, आघात आणि आत्महत्येचा संबंध काय

आघात म्हटलं की आपल्याला किल्लारी आठवतं, ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. किंवा ३० जुलै २०१४ ला डोंगराखाली गेलेलं माळीण, किंवा जुलै २०२३ मधली इर्शाळवाडी. हे आघात आहेतच. पण लहानपणी झालेला लैंगिक अत्याचार, नवऱ्याचा रोजचा मार, वसुलीवाल्याने चारचौघात केलेला अपमान, जातीवरून टाकलेला बहिष्कार, धरणात गेलेलं गाव आणि घरातल्याच माणसाची आत्महत्या, हेही आघातच आहेत, फक्त त्यांची बातमी होत नाही.

अमेरिकेत सॅन दिएगोला १७ हजारांहून जास्त लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, त्यातल्या पहिल्या साडेनऊ हजार लोकांचा निष्कर्ष १९९८ मध्ये छापून आला. लहानपणी मारहाण, अत्याचार, घरात दारू, आईवर हात उचलला जाणं असे चार किंवा जास्त अनुभव ज्यांना होते, त्यांच्यात पुढे दारू, नशा, डिप्रेशन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असा एकही अनुभव नसलेल्यांपेक्षा ४ ते १२ पट निघाला. म्हणजे चाळिशीतल्या माणसाच्या मनातलं दुखणं सातव्या वर्षी सुरू झालेलं असू शकतं, आणि आपण मात्र फक्त यंदाच्या नापिकीकडे बघतो.

हे आतून कसं होतं? आघात झाल्यावर शरीर धोका संपला हे मानायलाच तयार नसतं, त्यामुळे झोप उडते, जरा आवाज झाला की छाती धडधडते, तीच दृश्यं परत परत येतात. झोप गेली की विचार एकाच रुळावर फिरतात, "माझ्यामुळेच झालं", "मी घरावर ओझं आहे". मग माणूस लोकांत जाणं टाळतो, झोपेसाठी दारू घेतो, दारूने दुसऱ्या दिवशी मन अजून खाली जातं. त्यात जुने आधारही तुटतात. किल्लारीच्या परिसरातली गावं नव्या जागी वसवली तेव्हा भिंती पक्क्या मिळाल्या, पण जुन्या गल्ल्या आणि ओट्याला लागून असलेले शेजार विखुरले, आणि माणसाला सावरायला तो शेजारच लागतो.

हेही लक्षात ठेवा की आघात झालेली बहुतेक माणसं आत्महत्या करत नाहीत. "या घराला तो डागच आहे" असं म्हणणं खोटं आहे आणि घातकही. आणि कुठल्याही आत्महत्येचं एकच एक कारण नसतं. महाराष्ट्रात २०२२ साली २२,७४६ आत्महत्यांची सरकारी नोंद झाली, देशात सगळ्यात जास्त. त्यातल्या प्रत्येकीमागे कर्ज, आजार, घरातले ताण, दारू, जुना घाव अशा चार-पाच गोष्टींची गाठ असणार.

पहिले चार दिवस

आधी फोन आवरा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो, चिठ्ठी, "कसं केलं" याचं वर्णन येत असेल तर ॲडमिनला भेटून काढायला लावा. हे नुसतं सभ्यतेसाठी नाही, एका मृत्यूचा तपशील जितका फिरतो तितका त्याच अडचणीतल्या दुसऱ्याला तो रस्ता वाटायला लागतो, विशेषतः तरुण पोरांना. "सुटला बिचारा", "घरासाठी जीव दिला" हे शब्दही नकोत. "आपल्यातून गेला, फार वाईट झालं, आणि ज्याला कोणाला जड जातंय त्याने बोला" एवढं पुरे.

घरच्यांकडून झालेलं सगळं वदवून घेऊ नका. पंचनाम्याला सांगावं लागतं तेवढं लागतं, पण प्रत्येक भेटायला येणाऱ्यासमोर तीच कथा परत सांगायला लावणं म्हणजे जखम उकरणं. बसवून एका दमात "मन मोकळं कर" असा आग्रह धरू नये असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्यांचं मानसिक प्रथमोपचाराचं सूत्र तीन शब्दांत बसतं, पाहा, ऐका, जोडा. पाहा म्हणजे कोण जेवलं नाही, कोणाची बीपी-शुगरची गोळी चुकली, कोण कोपऱ्यात गप्प बसलंय. ऐका म्हणजे ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर बाजूला बसून राहा. जोडा म्हणजे बहिणीला फोन लावून द्या, आशाताईला कळवा.

आणि मुलांना खरं सांगा. "बाबा गावाला गेले" हे सांगू नका, शाळेत दुसऱ्या दिवशी कोणीतरी सांगतंच आणि मग पोर घरच्यांवरचा विश्वास गमावतं. लहान मुलाला एवढं म्हटलं तरी चालतं की बाबांचं मन खूप आजारी होतं, त्यातून ते वारले, आणि यात तुझी काहीच चूक नाही. शेवटचं वाक्य दहा वेळा सांगावं लागतं, कारण मुलांना मनातून वाटत असतं की मी परवा हट्ट केला म्हणून झालं.

वही करा: कोणाकडे लक्ष ठेवायचं

एका आत्महत्येची झळ सरासरी १३५ लोकांपर्यंत पोचते असा एका अमेरिकन अभ्यासाचा अंदाज आहे. आपल्या गावात तर भावकी, आळी, पार सगळं एकमेकांत गुंतलेलं. म्हणून शंभर पानी वही घ्या आणि नावं लिहा, डोक्यात ठेवू नका.

घरचे तर आलेच. पण ज्याने पहिल्यांदा पाहिलं त्याचं नाव हमखास राहून जातं, बरेचदा तो सालगडी असतो नाहीतर लहान भाऊ, आणि त्याला कोणी विचारतच नाही. ज्याच्याशी शेवटचं बोलणं झालं तो, ज्याने फोन उचलला नाही तो, ज्याचं आदल्या दिवशी भांडण झालं तो, हे तिघेही अपराधी भावनेने आतून पोखरलेले असतात. मग सारख्याच अडचणीतले, त्याच सावकाराचे कर्जदार, त्याच वर्गातली पोरं. आणि ज्यांनी आधी कधी प्रयत्न केलाय ते, त्यांच्या नावापुढे मी खूण करते, कारण आधीचा प्रयत्न हा धोक्याचा सगळ्यात मोठा इशारा मानतात.

लक्षणं बघताना बदल बघा. बोलका माणूस गप्प झाला, पारावर यायचा बंद झाला, दारू वाढली, बैल किंवा आवडती वस्तू देऊन टाकली, "माझ्यानंतर पोरांकडे बघजो" असं सहज बोलून गेला. बायकांमध्ये दुखणं अंगातून बोलतं, डोकं दुखतं, हातपाय गळतात, सलाईन लावून द्या म्हणतात. बरेच दिवस खचलेला माणूस अचानक शांत, हलका दिसायला लागला तर निर्धास्त होऊ नका, त्याच दिवशी जाऊन बसा.

ही वही दोघांपलीकडे कोणाला दाखवायची नाही. गावात बभ्रा झाला की ते घर तुमच्यासाठी कायमचं बंद.

विचारायचं कसं

इथे सगळ्यांची जीभ अडते. विचारलं तर डोक्यात घालतो की काय, ही भीती. ही भीती खरी ठरत नाही, न्यूयॉर्क राज्यातल्या शाळांमध्ये दोन हजारांवर मुलांवर हे तपासून बघितलं, २००५ मध्ये निकाल आला, आत्महत्येबद्दल सरळ विचारल्याने त्रास किंवा विचार वाढले नाहीत, उलट आधी खचलेल्या मुलांना थोडं हलकंच वाटल्याचं दिसलं.

पण थेट दारातून नाही विचारायचं. आधी जेवणखाण, झोप, मग मन, मग तो प्रश्न. त्या कवडी निवडणाऱ्या वहिनीजवळ मी अर्धा तास निवडतच बसले, कारण हात कामात असले की माणूस डोळ्यात न बघता बोलू शकतं. मग विचारलं, "रात्री झोप लागते का वहिनी?" "नाही." "जागं राहून काय येतं मनात?" ती गप्प. मग मी म्हटलं, "अशा वेळी खूप जणींना जगणं नको वाटतं, जीव द्यावा वाटतो. तुमच्या मनात येतं का तसं?" तिने हातातलं बोंड खाली ठेवलं आणि म्हणाली, "येते. पोराकडे पाहून थांबतो." वऱ्हाडात बायकाही "थांबतो"च म्हणतात. मग ती रडली, मी काही बोलले नाही, पाणी आणून दिलं.

"असा वेडेपणा तर करणार नाही ना?" असं कधी विचारू नका. त्या प्रश्नात उत्तर तुम्हीच देऊन टाकलंय, समोरचा "छे छे" म्हणणार आणि दार बंद. "पोरांचा विचार कर", "लोकांना याहून मोठी दुःखं आहेत", "देव परीक्षा बघतो" हे पण नको, त्याने माणसाला अजून अपराधी वाटतं. पुरुषांना विचारताना बायकोसमोर विचारू नका, वावरात बांधावर नाहीतर गाडीवरून जाताना विचारा.

"हो" म्हटलं तर

घाबरू नका, चेहऱ्यावर तर अजिबात नको. आधी म्हणा, "बरं झालं मला सांगितलं." मग तीन गोष्टी विचारा: कसं करायचं हे ठरवलंय का, त्यासाठी लागणारं घरात आहे का, कधी करायचं हे मनात आहे का. तिन्हीचं उत्तर "हो"च्या दिशेने असेल तर त्या माणसाला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही, घरच्या एका भरवशाच्या माणसाला त्याच्यासमोरच सांगायचं आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्यायचं. तातडी असेल तर १०८ ला ॲम्ब्युलन्स, ११२ ला पोलीस. "कोणाला सांगणार नाही" असं वचन आधीच देऊन बसू नका, मी सांगते की जिवाचा प्रश्न असेल तर एका माणसाला सांगेन, आणि कोणाला ते तुम्हीच ठरवा.

विचार येतात पण ठरवलेलं काही नाही असं असेल तर १४४१६ लावा. टेलिमानस, केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, २४ तास, मोफत, मराठीत बोलता येतं. नुसता नंबर देऊन येऊ नका, तुमच्या फोनवरून लावून द्या, पहिली दोन मिनिटं सोबत बसा आणि मग उठून अंगणात जा. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी सरकारचा समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्पही आहे, त्याबद्दल आशाताईला विचारा.

एक कार्ड करा, साधं वहीचं अर्धं पान. मन खाली जायला लागतं तेव्हा आधी काय होतं, तेव्हा एकटीने काय केलं तर बरं वाटतं, कोणाकडे जाऊन बसता येतं, कोणाला फोन करायचा, १४४१६, आणि घरातली कोणती वस्तू लांब ठेवायची. तिच्याच शब्दांत लिहायचं. त्या वहिनीने लिहिलं होतं, "रात्री दोननंतर. मंगलच्या घरी दार वाजवायचं, ती उठते."

पोलीस केस होईल या भीतीने लोक प्रयत्न लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ सांगतं की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायची जबाबदारी सरकारची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं ३०९ कलम आलंच नाही. म्हणून दवाखान्यात न्या. विषबाधेची शंका असेल तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, डब्याचं लेबल सोबत घ्या आणि निघा.

वस्तू लांब ठेवणं

हे लोकांना किरकोळ वाटतं, माझ्या मते सगळ्यात जास्त जीव यानेच वाचतात. जीव द्यावा ही तीव्र लाट बरेचदा थोड्या वेळाची असते, त्या वेळात हाताशी काही नसेल तर माणूस लाटेतून बाहेर येतो. श्रीलंकेने १९९५ पासून सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या दोन दशकांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास ७० टक्क्यांनी खाली आलं, गरिबी आणि युद्ध मध्ये असूनही. तमिळनाडूत काही गावांत औषधासाठी सामायिक खोली बांधून प्रत्येकाला कुलूपाचा कप्पा दिला.

आपल्याकडे फवारणीचं औषध खाटेखाली, ज्वारीच्या कोठीमागे ठेवलेलं असतं. निदान हे करा: उरलेलं औषध घरातून हलवा, वावरातल्या कोठ्यात लोखंडी पेटीत ठेवा, कुलूप लावा आणि धोका असलेल्या घराची चावी शेजाऱ्याकडे. एका फवारणीला लागेल तेवढंच कृषी केंद्रातून आणा. गोळ्यांचं पाकीट एकदम महिन्याचं देऊ नका. हे त्या माणसाला सांगून करा, चोरून नको. "तुमच्यावर भरवसा नाही म्हणून नाही, त्या वाईट रात्रीवर भरवसा नाही म्हणून" असं मी म्हणते, आणि आजवर कोणी नाही म्हटलं नाही.

कागद हे पण मनाचंच काम

नवरा गेला की बाई दुःख करायच्या आधी रांगेत उभी राहते. शेतकरी आत्महत्येला सरकारी मदत मिळते १ लाख, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, आणि तेही प्रकरण "पात्र" ठरलं तर. सातबारा सासऱ्याच्या नावावर, कर्ज खासगी, तर "अपात्र". अपात्र हा शब्द ऐकून आलेल्या बाईचा चेहरा मी पाहिलाय, जणू तिच्या माणसाचं मरणच नापास झालं. म्हणून वारस नोंद, फेरफार, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, पोराची फी, बँकेत कर्जाचं काय होणार हे विचारणं, यासाठी गावातला एक लिहिता-वाचता माणूस नेमून द्या आणि तहसीलला तिच्यासोबत त्याने जायचं. समुपदेशन करायला गेलो आणि घरात पीठ नाही, असं असेल तर आधी पीठ.

आणि अशा घरी भेटायला जे जातात त्यांनी जोडीने जावं. एकट्याने तीन-चार घरं धरली की आपलीही झोप उडते, हे मी भोगलंय. दर रविवारी माझ्या सोबतच्या बाईंना फोन करून आठवड्याचं सगळं सांगते, मगच सोमवारी बाहेर पडते.

वर्षभराचं कॅलेंडर

भिंतीवरचं कालनिर्णय घ्या आणि पेन. पाच शहरांत, त्यात चेन्नई पण होतं, १,८६७ लोकांवर एक प्रयोग झाला, त्याचा निकाल २००८ मध्ये आला. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दवाखान्यात आलेल्या निम्म्या लोकांशी तासभर नीट बोलले आणि पुढच्या १८ महिन्यांत ९ वेळा फोन किंवा भेट, एवढंच. त्या गटात आत्महत्येने ०.२ टक्के गेले, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत २.२ टक्के. नऊ वेळा विचारपूस, बस्स. आणि ते आपल्या गावातली माणसं शिकून करू शकतात हे अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम प्रकल्पाने दाखवलं, तिथे डिप्रेशन असलेल्यांत मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले.

तारखा अशा टाका. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, कारण मंडप निघालेला असतो. मग एक महिना, तीन महिने. जून, शाळेची फी आणि पेरणी एकत्र येतात. पोळा, ज्या बैलाला तो सजवायचा तो बैल दारात उभा असतो. पितृपक्ष. दिवाळीत पहिला सण. कापसाचा चुकारा मिळाल्यावर, कारण तेव्हा वसुलीवाले येतात. मार्चअखेर. गेलेल्याचा वाढदिवस, आणि वर्षश्राद्ध, त्याच्या आधीचा आठवडा धरून. शेजारी दुसरी आत्महत्या झाली किंवा टीव्हीवर तशी बातमी गाजली तर त्याच संध्याकाळी, कॅलेंडर न बघता. पूर किंवा दरडीच्या गावात पहिला पाऊस आणि त्या दुर्घटनेची तारीख नक्की टाका.

भेट अर्ध्या तासाची पुरते. जेवण, झोप, तो प्रश्न, चावी कुठे आहे, कार्ड आहे का. आणि घरात एकाच माणसाकडे बघून येऊ नका. त्या वहिनीकडे मी चार वेळा गेले आणि पोराशी धड बोललेच नव्हते, तो आपला येऊन जेवून निघून जायचा. पाचव्यांदा त्याच्यासोबत वावरापर्यंत चालत गेले. बरंच अंतर गप्प होता, मग म्हणाला, "मी त्या दिवशी फोन कट केला होता." कोणालाच सांगितलं नव्हतं, आईलाही नाही. वहीत त्याचं नाव आईच्या खाली बारीक अक्षरात होतं, घरी आल्यावर नवीन पान काढून त्यावर लिहिलं, आणि त्याच्या तारखा वेगळ्या टाकल्या. पुढची पोळ्याच्या आदल्या दिवशी आहे.